दोन सूत

बांधकामावर कधी काम केलेल्या माणसाला सूत म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. तीन सुती सळई, चार सुती सळई असं गवंडी म्हणतो ते हेच. दोन सूत म्हणजे पाव इंच. तेवढ्या अंतरावरून मी एका म्हाताऱ्या माणसाला भरल्या मंडळीत बोललो आणि त्या माणसानं अभंग म्हणणं सोडलं. मी बोललो ते खरं होतं का, हे कळायला पुढं सात वर्षं गेली. आणि खरं असतं तरी बोलायला पाहिजे होतं का, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरपासून दिवसभराच्या चालण्यावर. दर एकादशीला मारुतीच्या देवळात भजन असतं. माझ्या लहानपणी टाळ, पखवाज आणि वीणा एवढंच होतं. १९८२ साली वर्गणी काढून पेटी आणली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. दहावी झालेला म्हणून पेटी माझ्या पुढ्यात सरकवली. दहावीचा आणि पेटीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. पण त्या काळात गावात शिकलेल्याला सगळंच येतं असं धरून चालायची रीत होती. रेशनकार्डाचा अर्ज त्यानंच लिहायचा, शहरातून आलेल्या माणसाशी त्यानंच बोलायचं, आणि आता पेटीही त्यानंच वाजवायची.

शिकवणारं कोणी नव्हतं. मी पट्ट्या दाबत बसायचो, आणि चाल जुळली की कुठली पट्टी दाबली ते वहीत उतरवायचो. पेटीच्या सदतीस पट्ट्यांना मी डावीकडून नंबर दिले होते. एक अभंग म्हणजे माझ्या वहीत नुसते आकडे, चौदा, सोळा, अठरा, परत सोळा. बायको म्हणायची, ही भजनाची वही हाय का दुधाच्या डेअरीची? तिचं चुकत नव्हतं. पंचवीस वर्षं मी अशी आकड्यांवर पेटी वाजवली. लोकांना वाटायचं याला पेटी येते. मला माहीत होतं की येत नाही. कारण एखादा पाहुणा बुवा आला आणि म्हणाला, माझी पट्टी काळी चार, तिथनं द्या, की मी आंधळा. माझे सगळे आकडे काळी एकचे. का, तर तात्यांचा आवाज काळी एकचा.

तात्या म्हणजे माझे चुलत चुलते, आमच्या भजनाचे विणेकरी. शाळेची पायरी न चढलेले. सही सुद्धा उतारवयात शिकले, तोवर अंगठा. भजन सुरू व्हायच्या आधी अर्धा तास ते देवळात येऊन बसायचे, वीणेच्या भोपळ्याला कान लावायचे आणि खुंटी पिळायचे. जरा पिळायची, छेडायची, परत सोडायची. आणि मग एकदम थांबून म्हणायचे, ‘आला.’ कोण आला, कुठनं आला ते विचारायचं नाही. त्यांचं सगळं संगीतशास्त्र त्या एका शब्दात होतं.

एक गोष्ट मला त्या वेळी नीट कळली नव्हती, ती इथं सांगून ठेवतो. काकड्याची एक चाल आणि रात्रीच्या भजनातली एक चाल, दोन्हीचे माझ्या वहीतले आकडे सारखेच होते. म्हणजे तेच पाच सूर. मी काकड्याला रात्रीच्या वळणानं पेटी द्यायला लागलो की तात्या हात वर करायचे. ‘आरं ही सकाळची हाय. हिला दिवस मावळवू नगं.’ मी वही दाखवायचो, आकडे तेच आहेत म्हणून. ते वहीकडं बघायचेसुद्धा नाहीत. भूप आणि देशकार या दोन रागांत सूर तेच, पण एकाचा जीव गंधारात आणि दुसऱ्याचा धैवतात, एक रात्रीचा आणि एक सकाळचा, हे मी वीस वर्षांनी वाचलं. तात्यांनी यातलं एकही नाव ऐकलं नव्हतं.

२००६ च्या कार्तिकीला पंढरपुरात मी एक पेटीचं पुस्तक घेतलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं की सूर सात. सा आणि प हे अचल, म्हणजे जागचे न हलणारे. रे, ग, ध, नी यांची कोमल रूपं, मचं तीव्र रूप. सगळे मिळून बारा. हे वाचून मी माझ्या मनानं ठरवून टाकलं की पांढऱ्या पट्ट्या म्हणजे शुद्ध आणि काळ्या म्हणजे कोमल. जो कोणी स्वतःच्या स्वतः शिकतो तो या खड्ड्यात एकदा तरी पडतोच. काळी एक हा सा धरला की माझा हिशेब कोसळायचा. सा स्वतःच काळा, मग तो कोमल झाला की काय? आणि पेटीत दोन काळ्या, मग तीन काळ्या, मध्येच दोन पांढऱ्या शेजारी-शेजारी, असं का? सारख्या अंतरावर काळ्या बसवल्या असत्या तर त्या सुताराचं काय गेलं असतं? दोन वर्षं मी हे कोडं डोक्यात घेऊन उसाला पाणी दिलं.

उलगडलं तेसुद्धा पाण्यावरच. २००८ चा जानेवारी. लाईट रात्री दहाला यायची ती सकाळी सहापर्यंत. मोटारीच्या खोलीच्या पत्र्याच्या दारावर मी कोळशानं पेटीच्या पट्ट्या काढल्या होत्या आणि बॅटरीच्या उजेडात त्या मोजत बसलो होतो. रंग सोडून दिला आणि नुसती पावलं मोजली. पांढरी एक सा धरला तर सा ते रे दोन पावलं, कारण मध्ये एक काळी ओलांडावी लागते. रे ते ग दोन. ग ते म एकच. म ते प दोन, प ते ध दोन, ध ते नी दोन, आणि नी ते वरचा सा एक. बेरीज बारा. मग मी काळी एकवर बोट ठेवलं आणि तीच पावलं टाकत गेलो, दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. बरोबर वरच्या काळी एकवर येऊन पोचलो.

तुम्ही तिफण धरली असेल तर हे लगेच कळेल. तिफणीच्या फणांतलं अंतर ठरलेलं असतं. पहिलं तास कुठल्या बांधापासून धरायचं ते तुमच्या मर्जीवर. वरच्या बांधाला धरा नाहीतर खालच्या, ओळींतलं अंतर तेच पडणार. सा म्हणजे पहिलं तास. शुद्ध-कोमल हे पट्टीच्या रंगावर नाहीच, पहिल्या तासापासून किती पावलांवर आहे त्यावर आहे. मी उठून उभा राहिलो. त्या रात्री निम्मा ऊस भिजला आणि निम्मा तसाच राहिला. सकाळी घरी येऊन हात न धुता पेटी काढली आणि पंचवीस वर्षं अडलेला अभंग काळी चारमध्ये वाजवला. नंतर पांढरी चारमध्ये. बायकोनं चहा आणून ठेवला तो गार झाला.

पुढचे काही महिने मला दुसरं काही सुचत नव्हतं. नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर राहून सा सरकवत गेलं तर काय होतं ते मी बघितलं. पांढरी एकवर सा धरला तर बिलावल थाट येतो. पांढरी दोनवर काफी, तीनवर भैरवी, चारवर कल्याण, पाचवर खमाज, सहावर आसावरी. सातवर धरला तर पंचमच जागेवर मिळत नाही, म्हणून तिथं काही नाही. त्याच पट्ट्या, एकही काळी नाही, आणि सहा निरनिराळ्या दुनिया. याला जुन्या शास्त्रात मूर्च्छना म्हणतात हेही नंतर कळलं. राहिलेले चार थाट, म्हणजे भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी, असे निघत नाहीत, त्यांना काळ्या पट्ट्या लागतातच. पन्नाशीच्या शेतकऱ्याला एवढ्याचा काय आनंद व्हावा? पण झाला. आणि आनंदाबरोबर दुसरंही काहीतरी आलं. आता मला लोकांच्या चुका ऐकू यायला लागल्या.

२००९ ची कार्तिकी एकादशी. देऊळ भरलेलं. तात्या तेव्हा अठ्ठ्याहत्तरच्या आसपास असतील. रूपाचा अभंग त्यांनी भूपात लावला होता आणि गंधारावर ते नेहमीसारखे लांब थांबले. मी पेटीवर गंधार धरून ठेवला होता. दोन्ही सूर एकमेकांना लागेनात. विहिरीवर दोन इंजिनं जवळजवळ एकाच वेगानं चालत असली की आवाजात कशी घों-घों लाट येते, तशी लाट मला ऐकू येत होती. तात्यांचा सूर पेटीच्या किंचित खाली होता. परत तीच ओळ, परत तेच. तिसऱ्यांदा मी पेटी थांबवली आणि मोठ्यानं म्हणालो, ‘तात्या, गंधार उतरतोय तुमचा. जरा पेटीकडं कान द्या.’

तात्या थांबले. ‘कोण उतरतोय?’

‘गंधार.’

‘त्यो कोण?’

देऊळ हसलं. वाईट हेतूनं नाही, एकादशीच्या रात्री माणसं कशालाही हसतात. मीही हसलो. मी हसलो हे इथं लिहिलं पाहिजे.

तात्यांनी तो अभंग पुरा केला. मग शेजारच्या माणसाच्या पायाला हात लावून वीणा त्याच्या गळ्यात दिली आणि खांबाला टेकून बसले. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात अशीच जाते, त्यामुळं त्या वेळी कुणाला काही वाटलं नाही. पण ती त्यांनी परत घेतली नाही. पुढची तीन वर्षं ते दर एकादशीला आले, टाळ वाजवले, धरताना आवाज दिला, पण पुढं होऊन एकही अभंग म्हटला नाही. मी एकदा घरी गेलो होतो. माफी मागायला म्हणून गेलो आणि ज्वारीच्या भावावर बोलून उठलो. निघताना तेच म्हणाले, ‘तुझी पेटी काय म्हणती ते मला कळंना झालंय बाबा. मला फकस्त वीणा ऐकू येती.’ मला वाटलं, कान गेले म्हाताऱ्याचे. २०१२ च्या उन्हाळ्यात ते वारले.

तालुक्याच्या गावी एक निवृत्त संगीत शिक्षक राहत होते. डाळिंबाच्या औषधासाठी जाणं व्हायचं तेव्हा मी त्यांच्याकडं अधूनमधून बसायचो. २०१६ साली एकदा बोलता बोलता मी फुशारकीनं म्हणालो की आमच्या गावात कुणाचाही सूर हलला की मला पेटीवर लगेच कळतं. ते म्हणाले, पेटीच हललेली असली तर? आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या पुस्तकात नव्हतं.

सुराला कंपनं असतात. षड्जाची २४० धरली तर शुद्ध गंधाराची ३०० होतात, म्हणजे बरोबर सव्वापट. पंचमाची ३६०, म्हणजे दीडपट. कानाला जे गोड लागतं ते असं सरळ हिशेबात बसतं. पण पेटीत बारा पावलं अगदी सारखी कापलेली असतात. तशी कापली की पंचम जवळजवळ जागेवर राहतो, पण गंधार ३०० च्या ऐवजी ३०२ च्या वर जातो. गंधार धरलेला गवई पेटीपेक्षा उतरलेला वाटतो, आणि खरं तर पेटी चढलेली असते. ते म्हणाले, पेटी काही आपली नव्हे, फ्रान्समधून आली. आपल्याकडं कलकत्त्याला तिला हातानं भाता मारायची केली. आणि आकाशवाणीवर तिला १९४० पासून १९७१ पर्यंत बंदी होती, त्यामागं हेच कारण सांगत. मी म्हणालो, आमच्या घरात १९७१ ला रेडिओच नव्हता, आम्हाला कोण सांगणार?

ऐकून मी घरी आलो, पण विश्वास बसेना. शेतकऱ्याचा पुस्तकावर विश्वास चटकन बसत नाही. चार फुटी फळी घेतली, दोन टोकांना खिळे ठोकले, एका बाजूला आटे पिळायचा बोल्ट बसवला आणि स्टीलची बारीक तार ताणली. शास्त्राच्या पुस्तकात तार छत्तीस इंची धरतात, म्हणून मीही तेवढीच मोकळी ठेवली. अहोबल पंडितानं सतराव्या शतकात संगीत पारिजात या ग्रंथात सुरांच्या जागा अशाच तारेच्या लांबीवरून सांगितल्या आहेत. निम्म्यावर, म्हणजे अठरा इंचावर पाचर धरली तर वरचा सा. पाऊण तार, म्हणजे सत्तावीस इंच मोकळी ठेवली की मध्यम. तीन भाग करून दोन ठेवले, चोवीस इंच, की पंचम. माझ्या अंगावर काटा आला. निम्मं, पाऊण, तिजाई अशा वाटण्या आम्ही आयुष्यभर घालतो. गंधारासाठी पाच भाग करून चार ठेवायचे, म्हणजे पावणेएकोणतीसच्या अर्धा सूत पुढं. तिथं पाचर धरली आणि तार छेडली. गोड, स्थिर. मग पेटीचा गंधार वाजवून तो सूर तारेवर शोधला. तो निघाला साडेअठ्ठावीसच्या अर्धा सूत पुढं. फरक पाव इंच. दोन सूत.

पुतण्याकडं १९९८ च्या सप्ताहाची एक कॅसेट होती. तीत तात्यांचा तोच अभंग होता. जुन्या कॅसेटचा वेग पुढं-मागं झालेला असतो, पण त्यानं अडत नाही. सा सरकला तर सगळेच सूर त्याच हिशेबात सरकतात, हे तर मीच मोटारीच्या खोलीत शिकलो होतो. तार तात्यांच्या सा-ला मिळवली आणि त्यांच्या गंधारावर पाचर सरकवत गेलो. त्या अभंगात ते गंधारावर अकरा वेळा थांबलेत. सात वेळा सूर तारेच्या गोड जागेवर होता. चार वेळा त्याहूनही खाली होता, म्हणजे खरोखर उतरलेला.

हे चार मी लपवत नाही. लपवले असते तर गोष्ट सरळ झाली असती, की अडाणी म्हातारा बरोबर आणि शिकलेला पुतण्या चूक. तशा गोष्टी लोकांना आवडतात, कीर्तनातसुद्धा खपतात. पण तात्या माणूस होते, साठी उलटून गेलेले, छातीत दम नव्हता. शिवाय हे सगळं १९९८ चं. २००९ ची ती रात्र कुणी टेप केलेली नाही. त्या रात्री ते दोन सूत खाली होते का चार सूत, ते कधीच कळणार नाही.

मग माझं चुकलं ते नेमकं कुठं? बायकोचं उत्तर सोपं आहे. ती म्हणते, ‘इठ्ठलाला पाव इंच कळतंय व्हय? म्हाताऱ्या माणसाला भरल्या देवळात बोलायचं काय कारण होतं?’ पहिलं वाक्य मला पटत नाही. देवाला सगळं चालतं असं म्हटलं की तात्यांचं वीणा लावण्यात गेलेलं आयुष्य वाया गेलं म्हणावं लागेल. अर्धा-अर्धा तास खुंटी पिळत बसणारा माणूस काय देवाला सगळं चालतं म्हणून बसत होता? पाव इंचाची किंमत गावात कुणाला असेल तर ती त्यांनाच होती.

दुसरं वाक्यही मला अर्धंच पटतं. चूक दिसली आणि गप्प बसलं याचंही पाप असतं. माझ्या डाळिंबावर तेल्या आला तेव्हा पहिले डाग माझ्या आधी शेजाऱ्याला दिसले होते. मला वाईट वाटेल म्हणून तो बोलला नाही. आठ दिवसांत बाग गेली. त्यानं भरल्या बाजारात माझी लाज काढली असती तरी मी त्याचे पाय धरले असते. तेव्हा मोठ्यांना बोलू नये, गप्प बसावं, हा नियम मी मानत नाही. अशा गप्प बसण्यानं आमच्या गावांचं जेवढं नुकसान झालंय तेवढं दुष्काळानं झालं नसेल.

पण डाळिंबावरचा डाग फळावर होता, बघणाऱ्याच्या चष्म्यावर नव्हता. मी मात्र ज्या मापानं तात्यांना मोजलं ते माप कधी तपासलंच नव्हतं. उसाची गाडी काट्यावर कमी भरली की आम्ही पहिला संशय काट्यावर घेतो, उसावर नाही. बाजारात कापूस घालताना आधी काटा शून्यावर आहे का ते बघतो. हे आमच्या रक्तात आहे. आणि पेटी मात्र बाजारातून आली, पॉलिश केलेली होती, बारा पट्ट्या सारख्या कापलेल्या होत्या, म्हणून ती खरी. वीणा आमच्या देवळातली होती आणि वाजवणारा अंगठेबहाद्दर होता. संशय कुणावर घ्यायचा हे मी सूर ऐकायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

त्या शिक्षकांनी आणखी एक सांगितलं होतं. चांगली जुळवलेली सा-ची तार छेडली की तिच्यातून आपोआप गंधार उमटतो. तंबोऱ्यात तर तो स्पष्ट ऐकू येतो, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो तारेतून निघतो म्हणून तो सव्वापटीचाच असतो, ३०० चा. मला फक्त वीणा ऐकू येते, असं तात्या म्हणाले होते. कान गेले नव्हते त्यांचे. त्यांचा गंधार त्या तारेतून येत होता, आणि मी शेजारी बसून भाता मारून त्यावर माझा गंधार ओतत होतो. पेटी मोठ्यानं वाजते. वीणा बिचारी कितीशी वाजणार!

आता पेटीची बाजूही घेतली पाहिजे, नाहीतर परत तेच एकतर्फी होईल. मी विचार केला होता की पेटी घासून गंधार खाली आणून घ्यावा. सूर घासून देणारे कारागीर आहेत. शिक्षक म्हणाले, काळी एकचा गंधार नीट केलात तर तीच पट्टी दुसऱ्या कुणाच्या सा-ची किंवा पंचमाची असते, त्याचं वाटोळं होईल. सगळ्या पट्ट्यांत कामचलाऊ वाजावं म्हणून सगळीकडं थोडं-थोडं चोरलेलं असतं. हे ऐकल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. मोटारीच्या खोलीत ज्या रात्री मला वाटलं की शास्त्र कळलं, ती पावलं सारखी होती म्हणून तर मला पट्टी बदलता आली. कुठल्याही बांधापासून पहिलं तास धरता आलं. त्या सोयीची किंमत गंधारानं दिली होती, दोन सूत सरकून. मला सोय तेवढी दिसली, तिच्यासाठी काय घेतलं गेलं ते दिसलं नाही, आणि त्याचं बिल मी तात्यांच्या नावावर फाडलं.

भातखंडे गुरुजींबद्दल मी नंतर वाचलं. १८६० सालचा जन्म, मुंबईत वकिली केलेला माणूस. हे दहा थाट त्यांनीच मांडले. पण त्याआधी ते देशभर हिंडले, उस्तादांच्या पुढ्यात बसून चिजा उतरवून घेतल्या. जुने ग्रंथ एक सांगतात आणि गाणारे वेगळंच गातात असं दिसलं तेव्हा त्यांनी गाणाऱ्याला धरून शास्त्र नव्यानं लिहिलं. आपल्या एका ग्रंथाच्या नावातच त्यांनी लक्ष्य हा शब्द घातला, लक्ष्य म्हणजे जे प्रत्यक्ष गायलं जातं ते. मीही तेच पुस्तकी शास्त्र हातात घेऊन देवळात गेलो होतो, फक्त उलट्या बाजूनं धरून. तात्यांना विचारायला हवं होतं, की तुमचा सूर पेटीपेक्षा खाली का राहतो, तुम्हाला काय ऐकू येतं? प्रश्न विचारला असता तर कदाचित त्यांनी मला वीणेच्या भोपळ्याला कान लावायला लावला असता. सव्वीस-सत्तावीस वर्षं मी त्यांच्यापासून चार हातांवर बसत होतो. तो भोपळा मी एकदाही कानाला लावला नाही.

त्या उतरलेल्या चार सुरांचं काय, हा प्रश्न राहतोच. माप खरं असतं आणि तात्या खरंच चुकत असते, तर? त्याचं माझं उत्तर दर काही वर्षांनी बदलतं. कधी वाटतं, घरी जाऊन एकट्याला सांगावं. कधी वाटतं, एकट्याला सांगून तरी काय, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दम कुठून आणणार? ज्याला सुधारता येणार नाही त्याला चूक सांगणं म्हणजे नुसतं आपल्याला कळतं हे सांगणं. आणि कधी वाटतं, नाही, त्या माणसानं सांगितलेलं पसंत केलं असतं, कारण वीणेची खुंटी ते स्वतःसाठी पिळत नव्हते. ‘त्यो कोण?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा ते खरंच विचारत होते. नाव माहीत नव्हतं, पण कळून घ्यायचं होतं. उत्तर द्यायच्या ऐवजी आम्ही हसलो. मला वाटतं, त्यांनी वीणा उतरवली ती त्या हसण्यावर. सुरावर नाही.

आता आमच्या भजनात तात्यांची पणती म्हणते. बारावीला आहे, मोबाईलवर तंबोरा लावून रियाज करते, आणि तिला गंधार कोण ते चांगलं माहीत आहे. वीणा तिच्याच गळ्यात असते. पेटी अजून माझ्याकडंच आहे. गेल्या आषाढीला तिनं भूप लावला आणि गंधारावर थांबली. मी त्या पट्टीवरचं बोट उचललं, नुसता सा आणि पंचम धरून ठेवला आणि भाता हळू केला. पखवाजवाल्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं, भाता फाटला.